मोर्वेन्स्टोचा कापणीचा सण

कॉर्नवॉल परगण्याच्या उत्तर किनाऱ्यावर मोर्वेन्स्टो नांवाचें खेडें आहे. वर तुटपुंजी शेती, खालीं गलबतें फोडणारे खडक. तेथें १८३४ सालीं रॉबर्ट स्टीफन हॉकर हे धर्मोपदेशक म्हणून आले. १८४२ मध्यें 'कॅलिडोनिया' जहाज फुटलें, तेव्हां बुडालेल्या खलाशांना त्यांनींच आपल्या देवळाच्या आवारांत मूठमाती दिली.

पुढल्याच वर्षीं त्यांनीं गांवकऱ्यांस बोलावणें केलें कीं, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारीं नव्या धान्याच्या भाकरीनें प्रभुभोजन करूं. ऑगस्टांत 'लॅमस'ची भाकरी देवळांत नेण्याची जुनी चाल लोपली होती. तिचेंच हें पुनरुज्जीवन. आपलें नवान्न श्रोत्यांस आठवेलच.

स्तुति सर्वांस रुचली; पैशाचें मात्र तसें नव्हतें. देवळांत गरिबांसाठीं वर्गणी गोळा करण्याची प्रथा 'टाइम्स'चे मालक जॉन वॉल्टर यांस मुळींच मान्य नव्हती. हॉकर यांनीं १८४४ सालीं जाहीर पत्रानें तिची बाजू मांडली. हा वाद क्षुल्लक म्हणून सोडून देतात, तें मला पटत नाहीं. पीक आलें तरी मजुराची कोठी रितीच राही.

पुढें हा सण इंग्लंडभर पसरला. वेदीभोंवतीं कणसें, सफरचंदें, भोपळे मांडावे आणि मागाहून तें सारें गरजूंस वांटावें किंवा विकावें, असा रिवाज पडला. मिशनांबरोबर तो महाराष्ट्रांतही आला. उपकारस्तुतीच्या दिवशीं कोणी बाजरी आणतो, कोणी कोंबडी, कोणी चार अंडीं. उपासनेनंतर लिलाव होतो. घेणारा भोपळा घेतो, पैसे मोजतो, आणि तोच भोपळा पुन्हां लिलावास ठेवतो!