गलबत आणि गुराब

मोटारसायकलला ‘फटफटी’ हे नाव आपल्याकडे प्रथम ज्याने दिले त्याची नोंद इतिहासाने ठेवली नाही. परंतु त्या गृहस्थाचा कान मोठा तयार असला पाहिजे. चाके, टाकी, दिवा यांपैकी कशाकडेही न पाहता त्याने नाव ठेवले ते आवाजावरून. दिल्लीकरांनीही तेच केले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेल्या अमेरिकन हार्ले-डेव्हिडसन गाड्या तिथल्या कारागिरांनी विकत घेतल्या, मागे दोन चाके आणि बाके जोडली, आणि कॅनॉट प्लेसपासून चांदणी चौकापर्यंत उतारू वाहायला लावल्या. १९९८ साली धुराच्या कारणास्तव बंद होईपर्यंत त्यांना दिल्लीत ‘फटफट’ याच नावाने ओळखत. मिलवॉकीच्या कारखान्यात जन्मलेल्या त्या ऐटबाज यंत्रांच्या नशिबी शेवटी पाठीमागे सहा-आठ माणसे आणि त्यांची गाठोडी आली, हे कळले तर त्यांच्या जनकांना काय वाटले असते, कोण जाणे!

हे सारे आठवायला कारण घडले आमच्या घरात. माझ्या पुतण्याने सुपर मीटिओर ६५० ही नवी क्रूझर गाडी घेतली. माझ्यापाशी १९८६ सालची बुलेट आहे. दोन्ही रॉयल एनफिल्डच्याच, म्हणजे एका घराण्यातल्या. पण त्या शेजारी उभ्या केल्या की एकीची दुसरीशी ओळख पटू नये. आणि आमच्या साताऱ्याच्या घराच्या अंगणात जागा एकीचीच. त्यातच जुन्या गाड्या जमवणारे पुण्याचे एक गृहस्थ बुलेट पाहून गेले, बरी किंमत बोलून गेले आणि दिवाळीच्या आत निरोप मागून गेले. माझा उजवा गुडघा वर्षभर कुरकुरत आहे, आणि बुलेटला बटण नाही, किक आहे. तेव्हा ‘काका, आता तिला जाऊ द्या’ हे पुतण्याचे म्हणणे अगदीच अवास्तव होते असे नाही.

मी मात्र निर्णयापूर्वी दोघींच्या कुळाची चौकशी करायचे ठरवले. लग्नाच्या बाबतीत आपण करतो, मग काडीमोडाच्या बाबतीत का करू नये?

बुलेटचे माहेर इंग्लंडातले रेडिच. हे गाव सुयांसाठी प्रसिद्ध होते. सुया करणाऱ्या एका जुन्या कारखान्यातून सायकली निघू लागल्या, आणि १८९३ च्या सुमारास त्याच मंडळींना एनफिल्ड येथील सरकारी बंदुकांच्या कारखान्याला सुटे भाग पुरवण्याचे काम मिळाले. तिथून ‘रॉयल एनफिल्ड’ हे नाव आले, तोफेचे चिन्ह आले, आणि आमची गाडी बंदुकीसारखी घडवलेली असते, ही त्यांची फुशारकीही आली. १९०१ साली त्यांची पहिली मोटारसायकल बाहेर पडली. ‘बुलेट’ हे नाव १९३२ सालचे. परंतु जी बुलेट आपण ओळखतो तिचा खरा जन्म १९४९ चा. त्या वर्षी मागच्या चाकाला हेलकावणारा दांडा आणि तेलाचे शॉक अॅब्सॉर्बर असलेली ३४६ सीसीची गाडी विक्रीला आली. आज यात नवल वाटत नाही. पण तोवर बहुतेक गाड्यांचे मागचे चाक सांगाड्याला घट्ट जखडलेले असे आणि रस्त्यातला प्रत्येक दगड थेट कण्याला कळे. १९५२ साली जॉनी ब्रिटन नावाच्या स्वाराने स्कॉटलंडच्या डोंगरांतली सहा दिवसांची अवघड कसोटी बुलेटवर जिंकली, आणि हे मऊ मागचे चाक म्हणजे केवळ सुखासाठी केलेले लाड नव्हेत, हे सगळ्यांच्या ध्यानात आले.

नेमक्या त्याच वर्षांत आपल्या लष्कराला सीमेवरच्या गस्तीसाठी गाडी हवी होती. तिथे रस्ते होते कुठे? जे होते ते दगडधोंड्यांचे. मद्रास मोटर्सच्या मध्यस्थीने बुलेट आली, आणि १९५५ साली एनफिल्ड इंडिया ही कंपनी स्थापन झाली. मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे कारखाना उघडला. पहिल्या वर्षी, १९५६ अखेर, तेथून १६३ गाड्या बाहेर पडल्या. त्याही इंग्लंडहून आलेले भाग जोडून. पुढे भागही इथेच होऊ लागले.

यानंतरची कथा मला एखाद्या कादंबरीपेक्षा सरस वाटते. माहेर हळूहळू खंगत गेले. १९६७ साली रेडिचचा कारखाना बंद झाला, १९७० मध्ये इंग्लंडातले उरलेसुरले कामही थांबले. सासरी मात्र लेक सुखाने नांदत होती! तिरुवोत्तियूरला १९५५ च्या नमुन्याबरहुकूम बुलेट निघतच राहिली, आणि १९७७ साली तीच गाडी इंग्लंडला निर्यात होऊ लागली. ओतीव लोखंडाचे ते इंजिन २०१० च्या आसपासपर्यंत चालू राहिले. पन्नासांहून अधिक वर्षे एकच इंजिन! याला कोणी निष्ठा म्हणेल, कोणी आळस. परवान्यांच्या त्या काळात गिऱ्हाईक रांगेत उभे असे आणि कारखान्याला बदल करण्याची निकड नसे, हे खरे कारण झाकण्यात अर्थ नाही. पण त्या आळसाचा एक लाभ झाला. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत गावोगावच्या मिस्त्र्यांना हे एक इंजिन तोंडपाठ झाले. क्लचची तार तुटली, पॉइंट जळले, तर पाटणच्या बाजारपेठेतही माणूस मिळे आणि भागही मिळे. लांबच्या प्रवासाची गाडी अशी जी तिची कीर्ती झाली, तिच्यात अर्धा वाटा या अनाम मिस्त्र्यांचा आहे.

आता दुसरे कूळ. ‘क्रूझर’ हा शब्द मूळचा आरमाराचा. दूरवर संथपणे फिरत राहणारे मोठे जहाज ते क्रूझर. गाडीचा हा घाट अमेरिकेने घडवला. इंडियन कंपनी १९०१ ची, हार्ले-डेव्हिडसन १९०३ ची. १९०९ पासून हार्लेने ४५ अंशांत फाकलेली दोन सिलिंडरे वापरायला सुरुवात केली. त्या देशातली अंतरे पाहा. १९२६ साली आखलेला शिकागो ते सांता मोनिका हा एकच रस्ता जवळजवळ ३,९०० किलोमीटरांचा! मैलोगणती वळण नाही, चढ नाही. अशा रस्त्यावर स्वाराने वाकून बसायचे कशाला? आसन खाली गेले, पाय पुढे गेले, हँडल मागे आले, दोन चाकांतले अंतर वाढले. घोड्यावरच्या गुराख्याची बैठक यंत्रावर आली म्हणा ना. १९७१ साली हार्लेने ‘सुपर ग्लाइड’ काढली. हौशी लोक घराच्या मागे तोडजोड करून जो आकार घडवत होते तो तिच्यात प्रथमच कारखान्यातून आयता मिळाला. क्रूझर म्हणून आज जो प्रकार ओळखतात त्याची सुरुवात तिथून धरायला हरकत नाही.

हार्लेच्या हिंदुस्थान-प्रवेशाशी आपल्या हापूसचा संबंध आहे, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. २००७ साली दोन्ही सरकारांत देवघेव ठरली : आमच्या मोठ्या मोटारसायकलींना तुम्ही दार उघडा, तुमच्या आंब्याला आम्ही उघडतो. कीड जावी म्हणून आंब्याच्या पेट्या नाशिक जिल्ह्यात लासलगावच्या केंद्रात किरणांखालून काढल्या आणि विमानाने अमेरिकेला रवाना केल्या. कांद्याच्या लासलगावाने आंब्याला परदेशी धाडले! आंबा लगेच पोचला. गाड्या मात्र जबर आयात करामुळे आणखी दोन-तीन वर्षे रेंगाळल्या. तोवर इथे क्रूझरची चटक लागलीच होती. आकुर्डीच्या बजाजने २००५ साली ‘अॅव्हेंजर’ आणली होती, आणि एनफिल्डची ‘थंडरबर्ड’ त्याच्याही आधीची.

सुपर मीटिओर जानेवारी २०२३ मध्ये विक्रीला आली. ६४८ सीसी, दोन सिलिंडर, ४७ अश्वशक्ती, सहा गिअर, वजन २४१ किलो. माझ्या बुलेटची अश्वशक्ती अठरा, गिअर चार, आणि तेही उजव्या पायाला. मौज अशी की नाव नवे नाहीच. १९५० च्या दशकात रेडिचहून ‘सुपर मीटिओर’ नावाची सुमारे ७०० सीसीची गाडी निघत असे. ताठ बैठकीची, प्रवासी, बाजूला साइडकार जोडून सहकुटुंब सहलीला जाण्याजोगी. म्हणजे नाव आजीचे आणि पेहराव परदेशी आत्याचा, असा हा नातीचा प्रकार.

कागदावरची कुंडली जुळवून भागत नाही. म्हणून गेल्या जानेवारीत आम्ही दोघे काका-पुतणे दोन्ही गाड्या घेऊन साताऱ्याहून कऱ्हाड, पाटण, कोयनानगर करीत कुंभार्ली घाटाने चिपळूणला उतरलो.

कऱ्हाडपर्यंतचा महामार्ग निःसंशय तिचा. ती ताशी ९० वर अशी वाहत होती की जणू कोयनेच्या कालव्याचे पाणी. माझी बुलेट साठ-पासष्टला प्रसन्न असते. पंचाहत्तरला मुठी बधिर होतात आणि आरशात मागचा रस्ता नुसता थरथरताना दिसतो. मी कऱ्हाडला पोचलो तेव्हा पुतण्याचा दुसरा चहा चालला होता. ब्रेकचे तर बोलूच नये. तिला दोन्ही चाकांना डिस्क, आणि चाक घसरू नये म्हणून वेगळी यंत्रणा. माझ्या ड्रम ब्रेकांना थांबण्याची विनंती आगाऊ करावी लागते. हे मी तिच्या कैवारापोटी लपवणार नाही.

पाटण सोडले आणि रंग पालटू लागला. क्रूझरवर पाय पुढे असतात. खड्डा आला तर स्वाराला पायांवर उठता येत नाही, सारा दणका माकडहाडावर. बुलेटवर पाय थेट अंगाखाली. जरा उठलो की गाडी गुडघ्यांच्या मधून खालून निघून जाते. गावोगावचे गतिरोधक म्हणजे आमच्या ग्रामपंचायतींचे किल्लेच. आणि तिचे पोट जमिनीपासून जेमतेम १३५ मिलिमीटर. दोनदा घासल्याचा आवाज मी मागून ऐकला. घाट उतरताना तर आखूड वळणावर तिची पायटेकणी रस्त्याला लागली. पोफळीला थांबल्यावर पुतण्या घाम पुसत म्हणाला, “काका, ही वळत नाही हो, वळवावी लागते.”

मला आंग्र्यांच्या आरमाराची आठवण झाली. त्यात गुराब असत आणि गलबते असत. गुराब मोठी, तोफांनी भरलेली, मोकळ्या समुद्रात वारा भरला की देखणी चाले. गलबत लहान, हलके, वल्ह्यांवरही चालणारे. खाडीत, खडकांत शिरणारे. आणि वारा पडला की गुराबांना दोर लावून ओढून नेत ती गलबतेच. आंग्र्यांनी दोन्ही बाळगली, कारण त्यांचा समुद्र दोन्ही प्रकारचा होता.

आपल्या क्रूझरची मुख्य अडचण हीच, की तिला मोकळा समुद्र मिळत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. त्यावर दुचाकीला मज्जाव. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर, २०२५ साली शेवटचा टप्पा खुला झाला; विदर्भात कित्येक ठिकाणी अगदी अमेरिकेसारखा सरळ. तिथेही दुचाकीला मज्जाव! म्हणजे ज्या रस्त्यासाठी हा आकार घडला तसा रस्ता महाराष्ट्रात झाला खरा, पण तिला त्यावर पाऊल टाकता येत नाही. मुंबईला जाताना या ४७ अश्वशक्तीला बोरघाटातली १८३० पासूनची जुनी वाटच ट्रकांमागून चढावी लागते. सुरक्षिततेचे कारण मला समजते, पण यातला विनोदही दिसल्यावाचून राहत नाही.

चिपळूणला आमची सौ. एस.टी.ने आलेली होती. परतताना ती पाटणपर्यंत पुतण्याच्या मागे बसली, पुढे माझ्या. तिचा अभिप्राय थोडक्यात आला. नवी गाडी मऊ आहे, आवाज गोड आहे. पण मागच्या माणसाला ती पाहुण्यासारखी वागवते. बुलेटचे लांब सपाट आसन, डाव्या अंगाची साडीची जाळी, धरायचा दांडा, यांवर तिने पस्तीस वर्षे काढली आहेत. अक्कलकोट, गोंदवले, गणपतीपुळे, सारे त्यावरून झाले. एक भर तिने आणखी घातली, ती अशी की रात्री उंब्रजच्या पुढे नव्या गाडीच्या दिव्यामागून आलो म्हणून रस्ता दिसला, आपल्या दिव्यात काही राम नाही. तेही खरेच.

पुण्याच्या गृहस्थांना मी नकाराचे पत्र धाडले. बुलेट अंगणात राहील. पुतण्याने शेजारच्या आळीत एक ओवरी महिन्याच्या भाड्याने घेतली आहे, तिथे त्याची गुराब उभी राहते. महामार्गाने कोल्हापूरला अंबाबाईला जायचे असले की आम्ही ती काढतो. कास, ठोसेघर, कोकण असले की ही.

गुडघ्याचा प्रश्न उरला होता. दर शनिवारी पुतण्या येतो आणि किक मारून देतो. आधी अॅमीटरचा काटा मध्यावर आणायचा, मग डाव्या हाताची कळ दाबून किक किंचित पुढे सरकवायची, कळ सोडायची, आणि मग संपूर्ण भार टाकायचा. पहिल्या शनिवारी गाडीने त्याच्या पोटरीवर उलटा तडाखा दिला, दुसऱ्या शनिवारी ती नुसतीच खोकली, तिसऱ्या शनिवारी पहिल्याच किकेला बोलली, आणि शेजारच्या बोळातून कुणाचे तरी पोर ओरडले, “आजोबांची फटफटी निघाली!”