गाडगे महाराजांचे कीर्तन आणि मुलांच्या शिक्षणाचा हक्क

वऱ्हाडातील लोकशिक्षणाचा विचार करताना शाळांइतकीच कीर्तनाचीही दखल घ्यावयास हवी. निरक्षर आईबापांपुढे मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न प्रथम मांडला तो अनेक ठिकाणी याच कलेने.

गाडगे महाराजांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. नारदीय कीर्तनातील पूर्वरंग व आख्यान ही मांडणी त्यांनी मानली नाही. श्रोत्यांस प्रश्न विचारावा, उत्तर त्यांच्याच तोंडून वदवावे व त्यातील विसंगती त्यांनाच दाखवावी, अशी त्यांची रीत, भाषा वऱ्हाडी. १९५६ साली मुंबईत वांद्रे येथे झालेल्या कीर्तनाच्या ध्वनिमुद्रणात ती प्रत्यक्ष ऐकावयास मिळते. (छापील पाठात तिचा निम्मा जीव उरत नाही.) जेवणाची भांडी विकावी, भाकरी हातावर घेऊन खावी, पण मुलाला शाळेत घालावे, हा त्यांचा उपदेश प्रसिद्धच आहे.

या उपदेशाचा श्रोता मूल नसून बाप आहे. म्हणून त्यात मुलाच्या हक्काचा विचार नाही असे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. भांडी विकावयास सांगणे म्हणजे शिक्षण हे मुलाचे बापाकडील देणे ठरविणे होय. आणि जेथे देणे आहे तेथे घेणेकरी असतोच. मात्र हे देणे गरिबाने एकट्यानेच फेडावयाचे होते. १९५० च्या संविधानातील ४५ व्या अनुच्छेदाने ते राज्यावर सोपविले, पण निर्देशक तत्त्व म्हणून. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी मूलभूत हक्कांत त्याचा समावेश करणारी घटनादुरुस्ती २००२ साली झाली, आणि ती अमलात आली १ एप्रिल २०१० रोजी.