पंख्याची कळ कोणाच्या हाती?

गेल्या उन्हाळ्यात रोह्याच्या एका चाळीत आम्ही एक तंटा मिटविण्यास गेलो होतो. तंटा कारखान्यातला नव्हता, घरातला होता. बाप धाटावच्या औद्योगिक वसाहतीत रात्रपाळी करून दिवसा झोपणारा. मुलगा सुटीत टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या पेटीवर रमणारा. एका सकाळपासून त्या पेटीचा पंखा गिरणीसारखा घोंगावू लागला. बाप म्हणे, पोराने पेटी बिघडविली. पोरगा म्हणे, "काका, मी हातही लावला नाही. रात्री अपडेट आला, तेव्हापासून हे सुरू झालं."

यंत्राशेजारच्या माणसाचे म्हणणे आधी ऐकावे, ही आमची जुनी सवय. म्हणून आम्ही या पेट्यांचा इतिहास चाळला.

1983 साली जपानात निन्टेन्डोची फॅमिकॉम निघाली. तिच्याच नकला नव्वदीच्या दशकात आपल्याकडे 'कॅसेट' घालून चालत. त्यांत पंखा नव्हता, आणि कारखान्यातून बाहेर पडल्यावर त्यांचे वर्तन बदलण्याची सोयही नव्हती. पुढे चित्रे जिवंत झाली, तसे आतल्या चिपचे काम वाढले. काम वाढले तशी वीज अधिक लागू लागली, आणि त्या विजेची अखेर उष्णताच होते. सोनीच्या 2000 सालच्या प्लेस्टेशन 2 मध्ये पंखा आला. 2005 चा एक्सबॉक्स 360 व 2006 चा प्लेस्टेशन 3 यांच्या काळात घरातल्या पेटीची आज्ञावली इंटरनेटवरून बदलण्याचा परिपाठ पडला.

त्याचा लाभही झाला. नोव्हेंबर 2008 च्या अपडेटने एक्सबॉक्स 360 मध्ये तबकडीवरचा खेळ हार्ड डिस्कवर उतरवून घेता येऊ लागला. तबकडीची घरघर एकही स्क्रू न काढता थांबली. ऑक्टोबर 2020 मध्ये सोनीचे अभियंते यासुहिरो ओतोरी यांनी सांगितले की, निरनिराळ्या खेळांत चिप किती तापते याची माहिती जमवून प्लेस्टेशन 5 च्या पंख्याचे नियंत्रण अपडेटद्वारे सुधारता येईल. ही पेटी भारतात 2 फेब्रुवारी 2021 रोजी आली.

यातली मेख साधी आहे. कोणत्या तापमानाला पंख्याने किती फेरे घ्यावेत, हे आज्ञावलीतच ठरविलेले असते. तेथील आकडे बदलले की पंख्याची चाल बदलते. फेरे दुप्पट झाले तर वारा दुप्पट होतो, परंतु आवाज सुमारे 15 डेसिबलने चढतो. शिवाय नव्या आज्ञावलीने चिपवर जादा काम टाकले, तरीही पंखा धावतो.

म्हणजे मुलगा अशक्य असे काही सांगत नव्हता. परंतु एकामागून दुसरे घडले म्हणून पहिल्यामुळेच दुसरे घडले, असे होत नाही. पेणला मूर्तींच्या कारखान्यालगत राहणाऱ्या आमच्या एका सभासदाने अपडेटला दोष दिला होता. पेटी उघडली तो जाळीत शाडूची धूळ थापलेली! रोह्याची पेटीही आम्ही साफ करविली, भिंतीपासून हातभर पुढे ओढली, आणि तोच खेळ त्याच वेळी लावून पाहिला. आवाज उतरला, पूर्वीइतका मात्र नाही. उरलेला कोणाच्या पदरी घालावा, हे ठरविण्यास जुनी आज्ञावली परत घालून पाहावी लागली असती. ती सोय त्या पेटीत नव्हती.

आमचे भांडण येथे आहे. 1928 साली मुंबईच्या गिरणीकामगारांनी सहा महिने संप केला, त्यात एकेका कामगाराकडे अधिक यंत्रे सोपविण्याला विरोध होता. यंत्रे नकोत असे त्यांचे म्हणणे नव्हते. आमच्या अंगावर पडणारा बदल आम्हांला विचारून करा, एवढेच होते. पेटी घेणाऱ्याने पैसे मोजले, घर त्याचे, झोप त्याची. पंख्याची चाल बदलणार असेल तर तसे आधी स्पष्ट सांगावे, आणि न मानवल्यास मागे फिरण्याची वाट ठेवावी, ही मागणी फार मोठी नाही.

घरचा तंटा मात्र मिटला. बाप डबा घेऊन पाळीला निघाला की पोरगा पेटी लावतो.