इतवारीतील बंब आणि शेगडी : घरगुती उबेच्या इतिहासाची एक उपेक्षित बाजू

नागपूरविषयीच्या लेखनात उन्हाळ्याचा उल्लेख हमखास येतो. हिवाळा मात्र उपेक्षित राहतो. वस्तुतः 7 जानेवारी 1937 रोजी शहराचे किमान तापमान 3.9 अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते आणि 29 डिसेंबर 2018 रोजी 3.5 अंशांची नोंद होऊन तो नीचांकही मागे पडला. अशा थंडीत इतवारीसारख्या जुन्या व दाट वस्तीतील कुटुंबांनी ऊब कशातून मिळविली, याचा विचार प्रस्तुत लेखात करण्यात आला आहे.

युरोपीय घरात भिंतीतील धुराड्याची शेकोटी व पुढे लोखंडी शेगडी यांना स्वतंत्र स्थान होते. इतवारीतील घरांना ते नव्हते. जाड भिंती, मधला चौक आणि कवेलूंचे छप्पर ही रचना मुख्यतः उन्हापासून संरक्षण देणारी होती. जेमतेम दोन महिन्यांच्या थंडीसाठी वेगळे साधन विकत घेणे सामान्य कुटुंबास परवडणारे नव्हते. परिणामी ऊब ही स्वयंपाक आणि स्नान यांच्या जोडीने मिळणारी गोष्ट ठरली.

या दृष्टीने बंब विशेष लक्षणीय आहे. तांब्याच्या उभ्या भांड्याच्या मध्यातून नळी जाते. खाली जाळीवर ढलप्या, गोवऱ्या वा कोळसा पेटविला की ज्वाळा व धूर नळीतून वर जातात आणि भोवतीचे पाणी तापते. धुराडे अंगातच असलेले हे साधन होय. त्याची खरेदी हा कुटुंबाच्या दृष्टीने मोठा खर्च असे. मात्र तांब्याला मोडीतही किंमत येत असल्याने तो खर्च काही अंशी ठेवीसारखाच होता. भांड्यांवर नाव कोरून घेण्याच्या प्रथेमागे मालकीची ही जाणीव असावी.

ज्यांना बंब परवडत नसे, त्यांच्यासाठी पत्र्याची भुशाची शेगडी होती. इतवारीलगतच्या लकडगंजचे नावच लाकडाच्या व्यापारावरून पडलेले आहे. आरागिरणीचा भुसा हे सरपणापेक्षा स्वस्त इंधन. शेगडीच्या मध्यभागी गोल दांडा उभा धरावयाचा, खालच्या छिद्रातून दुसरा आडवा घालावयाचा, सभोवती भुसा ठोकून भरावयाचा आणि दोन्ही दांडे हलक्या हाताने काढून घ्यावयाचे. तयार झालेल्या पोकळीत खालून लाकूड पेटविले की भुसा काही तास संथपणे जळत राही. भुसा सैल भरला गेला तर तो मध्येच कोसळे आणि घरभर धूर होई. हे कौशल्य बहुधा स्त्रियांकडेच होते, आणि धूरही त्यांच्याच वाट्याला येत असे.

या धुराचा प्रश्न नागपूरजवळच, वर्धा येथे हाती घेण्यात आला. 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र मगनवाडीत होते व जे. सी. कुमारप्पा त्याची धुरा वाहत होते. तेथे विकसित झालेली धुराडे असलेली मातीची ‘मगन चूल’ ही सुधारित चुलींच्या भारतीय इतिहासातील आरंभीची पायरी मानली जाते. तथापि अशी चूल बसविणे म्हणजे छपरातून नळी बाहेर काढणे. स्वतःच्या घरात ते सोपे. भाड्याच्या खोलीत मात्र घरमालकाच्या संमतीशिवाय एक कवेलूही हलविता येत नाही. चुलीच्या गुणदोषांची चर्चा करताना या साध्या अडचणीकडे दुर्लक्ष झालेले दिसते. केंद्र शासनाचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम 1983 मध्ये सुरू होऊन 2002 मध्ये बंद झाला. त्याचाही भर ग्रामीण भागावरच होता.

शेगडीला छपराची अट नव्हती. स्वयंपाक आटोपल्यावर उरलेले निखारे घेऊन ती रात्री निजण्याच्या खोलीत नेता येई. धुमसत्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही. कवेलूंच्या फटींतून तो बऱ्याच अंशी बाहेर पडत असे. स्लॅबच्या बंद खोलीत ती वाट उरली नाही.