घाटावरची थंडी आणि कुंपणाची झुडपे

घाटाखालच्या मलकापूर-नांदुऱ्याच्या मंडळींना आमच्या बुलढाण्याची थंडी सांगून कळायची नाही. दोन हजार फुटांवर वसलेले हे गाव. १८५३ साली निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले, पुढे जिल्ह्याचे ठाणे या गार हवेत आले, आणि साहेबलोकांबरोबर बंगल्याभोवती फुलझाडे लावण्याची हौसही आली. तेव्हापासूनचा प्रश्न आजही दिवाळीनंतर घरोघरी निघतोच: पौषातही फुलेल असे झुडूप कोणते लावावे?

मोगरा हिवाळ्यात झोपतो. जास्वंद आखडते. पॉइन्सेटियाची तांबडी पाने मात्र ऐन थंडीत पेटतात. हे झाड मूळचे मेक्सिकोचे. तिथल्या अमेरिकन वकिलाचे, पॉइन्सेटचे, नाव त्याला चिकटले. पण लोक समजतात तसे ते थंडीने रंगत नाही, लांब रात्रींनी रंगते. रस्त्याच्या दिव्याखाली लावाल तर हिरवेच राहील!

एडवर्ड गुलाबाची कुळकथा तर कुंपणातलीच. हिंदी महासागरातल्या बूरबाँ, म्हणजे आजच्या रियुनियन बेटावर शेतकरी चिनी आणि दमास्क गुलाबांची मिश्र कुंपणे घालीत. १९व्या शतकाच्या आरंभी त्या शेजारातून हा संकर आपोआप निपजला, असे मानतात. दसऱ्यानंतर छाटला की थंडीभर सुगंधी फुले देतो. वऱ्हाडी माणसाला हा परका वाटतच नाही.

परंतु पाहुणे सगळेच असे गुणी नसतात. रंगीबेरंगी घाणेरी त्याच सुमारास शोभेसाठी कलकत्त्याच्या बागेत आली. काटक, फुलांनी सदा भरलेली; कुणालाही मोह पडावा! पाखरांनी तिची फळे खाल्ली, बिया रानोमाळ नेल्या. आज देशभरच्या जंगलांत तिच्या जाळीखाली गवत उगवत नाही, आणि तिचा पाला खाल्लेले गुरू आजारी पडते. बागेतली निवड बागेपुरती राहत नाही ती अशी.

आणि आपली कोरांटी? अमरकोशात पिवळीला कुरंटक आणि तांबडीला कुरबक अशी निराळी नावे आहेत. इतकी ती जुनी. काटेरी आहे, वास नाही, म्हणून बंगलेवाल्यांनी तिला परसदारी धाडले. हा मला अन्यायच वाटतो. पावसाळ्यात फांदी खोचली की लागते, आणि दिवाळीच्या सुमारास पिवळीधमक होते. यंदा कुंपणाच्या उत्तर अंगाला मी तीच लावली आहे, दाराशी एडवर्ड. घाणेरीची दोन रोपे पाखरांनी आणून टाकली होती, ती मुलांनी मुळासकट उपटली.