हबल दुर्बिणीचा तिसरा जायरो

प्रयोगशाळेतला हा अनुभव तुम्हाला असेलच. मोटर मध्येच अडखळते, तुम्ही सरांना बोलावता आणि ते जवळ आले की ती निमूटपणे चालू लागते. कायमचा बिघाड शोधणे त्या मानाने सोपे. अधूनमधून डोकावणारा बिघाड घाम काढतो. त्यातून यंत्र जमिनीपासून पाचशे किलोमीटरहून अधिक उंचीवर असेल, तर झाकण उघडून पाहण्याचीही सोय नाही.

हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी अवकाशात गेली. तिला स्टँड नाही. विद्युत मोटरवर फिरणाऱ्या जड चाकांचा वेग बदलला की दुर्बीण उलट दिशेने वळते. ती किती वेगाने वळते आहे हे जायरो सांगतात.

सुरुवातीलाच दुर्बीण थरथरू लागली. पण ही थरथर वेळापत्रक पाळणारी होती: दुर्बीण उन्हातून सावलीत किंवा सावलीतून उन्हात गेली की ती यायची. तापमान बदलल्याने सौरपंखांचे दांडे वाकत होते. नियंत्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करून थरथर कमी केली गेली आणि डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी पंखच बदलले. घड्याळ पाहून येणारा बिघाड निम्मा सापडलेलाच असतो.

तिसऱ्या जायरोचे तसे नव्हते. २००९ च्या शेवटच्या दुरुस्ती मोहिमेत सहा नवे जायरो बसवले गेले. त्यांपैकी तिसरा दुसऱ्या एका जायरोच्या जागी ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू केला, तेव्हा तो साडेसात वर्षांहून अधिक काळ बंद होता. तो खऱ्यापेक्षा फार जास्त वेग दाखवू लागला. शून्यावर न आणलेला वजनकाटा आठवा: किलोभर साखर टाकली तर आकडा किलोनेच वाढतो, पण मुळातलाच आकडा चुकलेला. हा जायरोही वेगातला फरक बरोबर सांगत होता.

आता त्याची रचना पाहा. मिनिटाला १९,२०० फेरे घेणारे चाक एका बंद नळकांड्यात असते आणि ते नळकांडे दाट द्रवात तरंगते. अभियंत्यांना शंका आली की काही अडथळ्यामुळे नळकांडे मध्यापासून सरकले असावे. आधी त्यांनी जायरो एक सेकंद बंद करून परत चालू केला. (हसू नका, संगणक बिघडला की आपणही तेच करतो.) फरक पडला नाही. मग दुर्बीण एकदा इकडे, एकदा तिकडे वळवली आणि मधूनमधून जायरोची मोजपट्टी मोठ्यावरून छोटीवर आणली. आकडे उतरले. त्याच महिन्याच्या अखेरीस निरीक्षणे पुन्हा सुरू झाली.

एक बारकावा लक्षात घ्या. लक्षण गेले, कारण मात्र डोळ्यांनी कोणी पाहिले नव्हते.

१९ नोव्हेंबर २०२३ रोजी याच जायरोने चुकीचे आकडे दिले आणि दुर्बिणीने आपोआप काम थांबवले. ती पूर्ववत केली. २१ तारखेला पुन्हा तेच, २३ ला पुन्हा. ८ डिसेंबरला काम सुरू झाले आणि काही महिने सुरळीत चालले. २३ एप्रिल २०२४ रोजी ती थांबली, महिनाअखेरीस सावरली, २४ मे रोजी परत थांबली.

४ जून रोजी नासाने तिसऱ्या जायरोचा नाद सोडल्याचे जाहीर केले. माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत शहाणा निर्णय. पूर्ण बंद पडलेला भाग निदान खोटे बोलत नाही. कधी खरे तर कधी खोटे सांगणारा भाग सगळ्या यंत्रणेला वेठीस धरतो. एकाच जायरोवर दुर्बीण चालवण्याची पद्धत अभियंत्यांनी अनेक वर्षांपूर्वीच तयार ठेवली होती. उरलेल्या दिशांची माहिती सूर्य, तारे आणि पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र यांवरून मिळते. किंमतही मोजावी लागली: नवे लक्ष्य पकडायला जास्त वेळ लागतो, आठवड्याचे काम सुमारे १२ टक्क्यांनी घटते आणि मंगळापेक्षा जवळच्या हलत्या वस्तूंचा माग काढता येत नाही.

१४ जून २०२४ रोजी निरीक्षणे सुरू झाली. चांगले जायरो दोन होते; एक कामाला लावला, दुसरा राखून ठेवला.