गटारातून होडी

नाकाला काहीतरी लावा. उपरणं, पदर, जे असेल ते. होडीत मधोमध बसा आणि हात बाहेर काढू नका. कडेच्या भिंतीला जे चिकटलंय त्याचं नाव न घेतलेलं बरं. साल इ.स.पू. 33. तुम्ही रोम शहराच्या पोटात आहात, क्लोआका माक्सिमा नावाच्या थोरल्या गटारात.

पलित्याच्या उजेडात वर बघा. दगडी कमान आहे, काही ठिकाणी चार मीटरहून उंच. गवताने भरलेली गाडी इथून आरामात जाईल, असं रोमन माणूस छाती फुगवून सांगतो. डाव्या हाताला एक छोटी मोरी येऊन मिळते. सुबुरा या गरिबांच्या दाट वस्तीचं पाणी आहे ते: कोबीची पानं, राख, परटांच्या कुंडातली मुताची आंबट वाफ. हो, रोमचे परीट कपडे मुतात धुतात. डोक्यावर फोरमचा चौक आहे, तिथे भाषणं चालली असतील. त्याच चौकात, बरोब्बर या गटारावर, एक बुटकं गोल देऊळ आहे. देवीचं नाव व्हीनस क्लोआकिना. म्हणजे गटाराची देवी.

होडीच्या नाळेशी जो उभा आहे तो मार्कस आग्रिप्पा. तिशीचा, कपाळाला कायम आठी. नाकाला त्याने काही लावलेलं नाही. बोट दाखवून तो विचारतोय की इथला गाळ कधी निघणार. त्याच्या कुळाचं नाव विप्सानियस. ते तो लावत नाही, कारण त्या नावाला रोममध्ये कोणी ओळखत नाही आणि घराणेदार मंडळी ते ऐकून नाक मुरडतात.

हा माणूस चार वर्षांपूर्वी कॉन्सल होता, राज्यातलं सर्वोच्च पद. त्याआधी गॉलमध्ये लढला, सैन्य घेऊन ऱ्हाईन नदी ओलांडणारा सीझरनंतरचा तो पहिलाच. आणि आज तो एडाइल आहे: रस्ते, मोऱ्या, बाजार, हमामखाने आणि खेळतमाशे बघणारा अधिकारी. रोममध्ये पदांची शिडी वर जायची असते, हा खाली उतरला. आपल्या भाषेत सांगायचं तर मुख्यमंत्रिपद भोगून झाल्यावर गडी नगरपालिकेच्या आरोग्य समितीचा सभापती झाला. आणि खर्च? सरकारी तिजोरीतून एक नाणं नाही, सगळा खिशातून.

गहिवरून जाऊ नका. पूर्वेला रोमन सेनापती अँटनी इजिप्तची राणी क्लिओपात्रा हिच्याबरोबर आहे, त्याच्याशी युद्ध जुंपणार हे सगळ्यांना दिसतंय. ते जुंपलं की रोमची जनता ऑक्टेव्हियनच्या मागे उभी राहायला हवी. ऑक्टेव्हियन म्हणजे पुढचा सम्राट ऑगस्टस, आग्रिप्पाचा समवयस्क दोस्त. त्याच्या नावावर आतापर्यंत कर, जप्त्या आणि मारलेल्या लोकांच्या याद्या जमा आहेत. तेव्हा ही समाजसेवा नाही, मशागत आहे. पण राजकारणासाठी केलेलं काम खोटं असतंच असं नाही. चला, बघू.

उजेड आला. होडी टायबर नदीत शिरलीय, काठावर गुरांच्या बाजारात हंबरणं चाललंय. उतरा आणि गल्लीतून वर चला. कोपऱ्यावर दगडी कुंड आहे, त्यात अखंड धार पडतेय. एक बाई हंडा भरतेय. तिने कालपर्यंत कुठून पाणी आणलं ते तिलाच विचारा. तीन जुने कालवे मोडकळीला आले होते. आग्रिप्पाने अप्पिया, आनिओ आणि मार्किया दुरुस्त केले. तेपुला नावाच्या कालव्याला कोमट पाणी यायचं, त्यात नव्या कालव्याचं गार पाणी आणून मिसळलं. नव्याला नाव दिलं यूलिया. स्वतःचं नाही, मित्राच्या घराण्याचं. रोमन लेखक प्लिनीने या एका वर्षाचा हिशेब लिहून ठेवलाय: 700 कुंडं, 500 कारंजी, वाटपाच्या 130 टाक्या. वर 300 पुतळे आणि 400 संगमरवरी खांब, म्हणजे पाण्याला येणाऱ्याच्या डोळ्यालाही काही मिळावं.

वर्षभर हमाम फुकट आहेत. सणाच्या दिवशी न्हावीसुद्धा फुकट, तेवढी हजामत करून घ्या. तेल-मीठ वाटलं जातंय. नाटकाला गेलात तर वरून चिठ्ठ्या उधळल्या जातील; एखादी हाती लागली तर तिच्यावर पैसे मिळतील किंवा कापड. रथांच्या शर्यतीत फेऱ्या मोजताना घोळ व्हायचा, तिथे आता डॉल्फिनच्या मूर्ती बसवल्यात, फेरीगणिक हिशेब कळतो. आणि तुमच्यात कोणी पत्रिका बघणारा असेल तर त्याने गप्प राहावं. याच वर्षी आग्रिप्पाने ज्योतिषी आणि मांत्रिकांना शहराबाहेर घालवलंय.

आता चार वर्षं मागे या, नेपल्सजवळ आव्हेर्नस सरोवरावर. हा पाताळाचा दरवाजा अशी ख्याती, भोवती किर्र झाडी. ऑक्टेव्हियनचा वैरी सेक्स्टस पॉम्पी याच्या आरमाराने धान्याची जहाजं अडवलीत, रोम उपाशी आहे आणि ऑक्टेव्हियन समुद्रावर मार खाऊन बसलाय. आग्रिप्पा झाडी तोडतो. आव्हेर्नस आणि शेजारचं लुक्रिनस ही दोन पाणी कालव्याने जोडतो, समुद्राकडचा बांध फोडतो; सेक्स्टसला दिसणार नाही असं बंदर तयार. खोदकाम चालू असताना तिथल्या एका मूर्तीला माणसासारखा घाम फुटला अशी बोलवा झाली. कुदळी थांबल्या नाहीत.

वल्ही मारायला 20,000 गुलाम आणलेत, त्यांना मुक्त करून. मुक्ती म्हणजे जहाजावर मरण्याचा परवाना, हेही ध्यानात असू द्या. जहाजं तयार व्हायच्या आधीच त्यांना लाकडी मांडणीवर बसवून हात एका लयीत आणणं चाललंय. पलीकडे त्याचं नवं हत्यार पडलंय, हारपाक्स. नीट निरखा: साधारण दोन मीटर लांबीचा ओंडका, चहूबाजूंनी लोखंडाने मढवलेला, एका टोकाला आकडा, दुसऱ्याला दोर. यंत्राने फेकायचा आणि शत्रूचं जहाज ओढून घ्यायचं. लोखंड असल्यामुळे कोयत्याने तुटत नाही. दोर कापावेत तर ओंडक्याच्या लांबीमुळे हात तिथवर पोचत नाही. उचलून बघा, अशा कामाच्या वस्तूच्या मानाने हलका आहे.

इ.स.पू. 36, सिसिलीजवळ नाउलोखस. दोन्ही बाजूंनी सुमारे 300 जहाजं. इशारा द्यायचा ऑक्टेव्हियनने, पण त्याला ऐन वेळी अशी गाढ झोप लागली की मित्रांनी हलवून उठवलं. संध्याकाळी सेक्स्टसची 28 जहाजं तळाला होती आणि 17 पळाली होती. बाकीची जळाली, फुटली किंवा हाती लागली. आग्रिप्पाची गेली तीन. त्याला जहाजांच्या चोचींनी सजवलेला सोन्याचा मुकुट मिळाला. अँटनी मात्र पुढे टोमणा मारत राहिला की आग्रिप्पाने जहाजं पिटाळेपर्यंत ऑक्टेव्हियन आभाळाकडे बघत उताणा पडून होता.

इ.स.पू. 31 च्या 2 सप्टेंबरला ॲक्टियमच्या आरमारी लढाईत अँटनी-क्लिओपात्रा हरले, ते सगळ्यांना ठाऊक आहे. खरी लढाई मात्र महिनोन्‌महिने आधी चालू होती: आग्रिप्पा एकेक बंदर घेत गेला, अँटनीच्या छावणीतला दाणागोटा आटवत गेला. पाणी कुठून येतं आणि कुठून तोडायचं, हे त्याला कळायचं. पालखीत ऑक्टेव्हियन बसला, खांदा याचा. विजययात्रा आग्रिप्पाने आयुष्यात तीनदा नाकारली. याला मी नम्रपणा म्हणणार नाही, शहाणपणा म्हणेन. ऑक्टेव्हियनच्या शेजारी दुसऱ्याची मिरवणूक निघणं कोणाच्याच प्रकृतीला मानवलं नसतं. शिवाय हा साधा माणूस मऊ नव्हता. स्पेनमधल्या कांताब्रियन लोकांची हत्यार धरू शकणारी पिढी त्याने जवळजवळ संपवली.

शेवटची भेट पन्नाशीतल्या आग्रिप्पाची. सम्राटाचा जावई आहे, बरोबरीचा अधिकार आहे, आणि पाय गरम व्हिनेगरमध्ये बुडवून बसलाय. पायांच्या दुखण्याने जीव नको केलाय. संवेदना गेली तरी चालेल पण वेदना थांबू दे, या बोलीवर केलेला उपाय. इ.स.पू. 12 मध्ये काम्पानियात तो गेला. ऑगस्टस धावत आला, तोवर सगळं संपलं होतं.

मृत्युपत्रात बागा आणि हमाम लोकांना फुकट. शिवाय 240 गुलाम ऑगस्टसला: पाण्याचे कालवे, टाक्या, कुंडं राखणारी आग्रिप्पाची स्वतःची टोळी. ऑगस्टसने ती राज्याला दिली. इ.स. 97 मध्ये फ्राँटिनस रोमच्या पाण्याचा मुख्य अधिकारी झाला, तेव्हा त्या सरकारी टोळीत माणसं 240 च्याच घरात होती. मुकादम त्यांना खासगी कामांवर पाठवत होते. फ्राँटिनसने उद्याचं काम आदल्या दिवशी नेमून द्यायला आणि रोज झालेल्या कामाची नोंद ठेवायला सुरुवात केली.